आषाढातील चूल

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना दर्यात जाण्याची मनाई करणारा सरकारी हुकूम मला कधीच जाचक वाटला नाही. कारण याच काळात अनेक माशांच्या उदरी गाभोळी भरते, आणि ती पोटे चिरून खानावळ चालविणे माझ्या मनाला रुचत नाही. आज पहाटे मालवणच्या बाजारात बर्फातली एक सुरमई पाहिली : डोळा खोल गेलेला, कल्ले विटकरी, अंगठ्याने दाबताच पडलेला खळगा तसाच राहिलेला. घेतली नाही. फळ्यावरचे तिचे नाव पुसून खाडीतल्या खेकड्यांची आणि सोड्यांच्या भाताची तजवीज केली. दुपारी एका वृद्ध गृहस्थांनी पापलेटाचाच आग्रह धरला, तेव्हा ‘नारळी पौर्णिमेनंतर या, काका’ एवढेच म्हणालो, आणि त्यांनी भाताचा पहिला घास घेईपर्यंत उंबऱ्याशी उभा राहिलो.