मजुरी आणि बक्षिसी

घाम सुकण्याआधी मजुराला त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तिच्यात मजुरीचा उल्लेख आहे, बक्षिसीचा नाही. हॉटेलातला वेटर, ऐन इफ्तारच्या वेळी दुसऱ्याच्या दारात पार्सल घेऊन उभा असलेला रोजेदार मुलगा, यांना दहा-वीस रुपये देऊन आपण सवाब कमावल्यासारखे वागतो. बिलात सक्तीने सर्व्हिस चार्ज लावण्यास ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती योग्य ठरवली. आपला खिसा वाचला. पण मालकाने पुरती मजुरी द्यावी, असे आपल्यापैकी कितीजण बोलले? मी बक्षिसी देते, त्याच्याच हातात देते. मात्र तिला सदका म्हणत नाही. ती त्याच्या थकलेल्या मजुरीतला छोटासा हिस्सा आहे. बाकी मालकाकडून येणेच आहे.