कोटगढची चेरी

शिमल्याला गेलेले आपण बहुतेक जण कुफरी पाहून परततो. त्याच रस्त्याने पुढे, शिमल्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर नारकंडा आहे आणि तिथून खाली उतरलं की ठाणेधार-कोटगढ. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ मध्ये इथे अमेरिकन सफरचंदं लावली. आज या उतारांवर सफरचंदाच्या जोडीला चेरीही दिसते.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही गेलो तेव्हा सावलीत अजून बर्फ होता आणि झाडांवर एकही पान नव्हतं. गावातल्या एका रोपवाटिकेत चेरीची कलमं बांधणं चालू होतं. कोकणातला आंबा कलम करतात पावसाळ्यात, इथे मात्र झाड झोपलेलं असताना. चाचाजींना (मालकांना सगळे तेच म्हणत) कारण विचारलं. ते म्हणाले, "मुळं आधी जागी व्हायला हवीत, डोळे नंतर." म्हणून काड्या थंडीतच कापतात आणि ओल्या शेवाळात गुंडाळून थंड जागी ठेवतात. जोड बसण्याआधी डोळे फुटले, तर पाणी न मिळाल्याने काडी वाळते.

खाली खुंट रानचेरीचा. तिला इथे पाजा म्हणतात. हल्ली 'कोल्ट' नावाचा विलायती खुंटही वापरतात. खुंट आणि पेन्सिलीएवढी काडी, दोन्हींना सारखाच तिरपा काप द्यायचा, त्यात जिभेसारखी खाच पाडायची आणि एकमेकींत अडकवायची. सालीखालचा हिरवा थर किमान एका बाजूला तरी जुळलाच पाहिजे. मग प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. चाचाजींचे हात हे सगळं मिनिटभरात उरकत होते. पण खरं काम पुढेच असतं. खुंटाला खालून येणारे फुटवे खुडत राहायचे आणि जोड भरला की पट्टी सोडायची, नाहीतर तीच खोडाला काचते.

"बी का नाही लावत?" माझ्या मुलीने विचारलं.

"बेटा, बीतून झाड येईल. पण हीच गोडी येईल असं नाही."

आमची सहावी पिढी वडोदऱ्यात वाढते आहे. माती गुजरातची, आणि तिने आम्हाला भरभरून दिलं आहे. मराठी आडनाव मुलांना आपोआप मिळतं, मराठी मिळत नाही. माझ्या आजीने ती माझ्या आईकडून बोलवून घेतली, आईने माझ्याकडून. आता पाळी माझी आहे, आणि ते शाळेवर किंवा मंडळाच्या गणेशोत्सवावर सोपवता येणार नाही. आणि हो, आवळलेली पट्टी वेळेवर सोडायची असते, हेही आम्हा आईबाबांनी लक्षात ठेवायला हवं.

तुम्हाला जायचं असेल तर कलमांसाठी फेब्रुवारी-मार्च आणि फळांसाठी मे-जून गाठा. चेरी फार टिकत नाही, घरी न्यायच्या भरवशावर राहू नका. तिथेच झाडाखाली बसून खा.