आधी माप, मग जोर

अमेरिकेत घरी पहिली रायफल जुळवणारे अनेक हौशी आधी भक्कम व्हाइस आणि लांब दांड्याचा पाना घेतात. मला हा क्रम उलटा वाटतो. जोर लावायची अवजारं उसनीही मिळतात, आणि हलकी निघाली तर फार तर स्क्रूचं डोकं झिजतं. मोजायचं साधन नसेल तर चूक दिसतच नाही. .३०८ विंचेस्टर काडतुसाचे ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज (काडतुसाच्या जागी ठेवून बोल्ट बंद होतो का ते पाहायचे मापाचे ठोकळे) पाहा: १.६३० आणि १.६३४ इंच, फरक जेमतेम ०.१ मिलिमीटरचा. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नको. दुसऱ्यावरही झाला, तर पितळी कवचाला ताणायला जागा उरते. ते फाटलं की तप्त वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

नळी आणि बोल्ट कारखान्यातूनच जुळवून येतात, मग गेज कशाला? जोडी एकत्र तपासलेली असेल तर हा आक्षेप रास्तच. पण स्वस्ताईच्या मोहात भाग दोन ठिकाणांहून घेतले, तर ते एकत्र कोणीच मोजलेले नसतात. गनस्मिथकडून तपासून घेणंही मला तितकंच मान्य आहे. (भारतात प्रश्नच मिटतो: १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे.) टॉर्क रेंच गेजनंतर, आणि चकचकीत पेटीतला ढीगभर अवजारांचा संच अगदी शेवटी, तोही हौस उरलीच तर.