फलंदाज बाद झाली

‘फलंदाज बाद झाला.’ अकर्मक क्रियापदाचे उदाहरण म्हणून हे वाक्य आम्ही ब्रह्मपुरीच्या वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. २०१८च्या एप्रिलमध्ये, परीक्षेच्या उजळणीच्या वेळी, मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, ‘झाली’ का नाही लिहीत?” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळलो.

त्याच आठवड्यात नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर, भारत आणि इंग्लंड यांच्या महिला संघांची एकदिवसीय मालिका चालू होती. नऊ महिन्यांपूर्वी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना अवघ्या नऊ धावांनी हरलेला आपला संघ त्याच प्रतिस्पर्ध्यापुढे उभा होता. ६ एप्रिलचा पहिला सामना भारताने एक गडी राखून, शेवटच्या षटकात जिंकला. सांगलीच्या स्मृती मानधनाने ८६ धावा केल्या. मिताली राजचा तो १९२वा एकदिवसीय सामना. तोवर इतके सामने कोणतीच स्त्री खेळली नव्हती. दुसऱ्या सामन्यात आपला डाव ११३ धावांत आटोपला. तिसरा जिंकून मालिका २-१ अशी आपली झाली.

नागभीड-उमरेडवरून नागपूर एसटीने तीनेक तासांवर. पुरुषांच्या सामन्यांसाठी आम्ही जामठ्यापर्यंत धावलो होतो. या वेळी मात्र ऊन आणि उत्तरपत्रिका ही कारणे आम्हांस पुरेशी वाटली. ती खरी कारणे नव्हती, हे आज कबूल करावयास हवे.

भाषेला दोष देण्याची सोयही येथे नाही. ‘गोलंदाज’ हा मुळात तोफखान्यातला शब्द. त्याच्याच धर्तीवर ‘फलंदाज’ आला. दोन्ही शब्दांवर पुरुषाचे नाव कोरलेले नाही. इंग्रजीला त्यासाठी २०२१मध्ये क्रिकेटच्या नियमावलीतला शब्द बदलावा लागला. मराठीला काहीच बदलावयाचे नव्हते. नामाने दार उघडे ठेवले होते. ते क्रियापदाने लोटून घेतले, आणि ते क्रियापद लिहिणारा हात आमचा होता. खरी अडचण ‘मालिकावीर’पाशी येते. मानधनाला तो मान मिळाला तेव्हा काय म्हणावे? ‘वीरांगना’ म्हटले की गौरवाबरोबर पोवाड्याचा डफही वाजू लागतो. साधी, खेळून दमलेली मुलगी त्यात हरवते.

आमच्या झाडीपट्टीत दंडारीतली स्त्री पिढ्यान्‌पिढ्या पुरुषानेच रंगवली. पुढे नाटकाच्या मंचावर बाया आल्या, तेव्हा प्रेक्षकांना सवय करून घ्यावी लागली. नाटक मात्र तेच राहिले. सवय ही प्रेक्षकाने करावयाची गोष्ट आहे, हे आम्ही नाटकाबद्दल शिकवत होतो आणि क्रिकेटबद्दल विसरलो होतो.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर लिहिले : ‘फलंदाज बाद झाली.’ या वेळी कोणी हसले नाही. जिने विचारले होते, ती वर्गात नव्हती. तिचे उत्तर आम्ही सात वर्षे उशिरा दिले.