संगमरवरावरचे मोजे

आईला आता मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान, खांदे, साडीचे काठ दिसतात. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग असतो. वयाबरोबर डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, तसं तिचं झालं आहे. डॉक्टरांनी घरी भिंतीवर लावायला बारीक चौकटींचा एक कागद दिला होता. त्यातल्या सरळ रेघा आधी पाण्यात पडल्यासारख्या हलल्या, मग वाकल्या, मग मधोमध पुसून गेल्या. कडा मात्र शाबूत आहेत. ताटातलं मीठ, लिंबू, चटणी तिला दिसते. मधला भात ती बोटांनी शोधते.

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी ती म्हणाली, "ते इस्तंबूलचे फोटो काढ गं. तू बघ आणि मला सांग."

आम्ही दोघीच गेलो होतो, २०१४ च्या एप्रिलमध्ये, नऊ दिवस. आई तेव्हा ६६ वर्षांची होती आणि पासपोर्ट आयुष्यातला पहिलाच. मी १३४० फोटो काढले. परत आल्यावर त्यातले ६४ निवडून अल्बम करून घेतला आणि आल्यागेल्याला दाखवला. बाकीचे १२७६ हार्ड डिस्कवर टाकले, ते पुन्हा एकदाही उघडले नाहीत. हललेले, तिरके, कुणीतरी आड आलेले, उजेड नसलेले. माझ्या लेखी ते उरलेले फोटो होते.

अल्बम घेऊन तिच्याजवळ बसले आणि सांगायला लागले. सुलेमानिया मशीद, मागे तांबडं आकाश. "हं." बॉस्फरसमधली बोट, भोवती पक्ष्यांचा थवा. "हं." ट्युलिपचे ताटवे, लाल आणि पिवळे. "हं, पुढचा." चौसष्ट फोटो पाव तासात संपले. प्रत्येकाला एक वाक्य पुरत होतं आणि दुसरं सुचत नव्हतं. सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं, की हे सगळे फोटो मी जाण्याआधीच पाहिलेले होते, कॅलेंडरवर, विमान कंपन्यांच्या जाहिरातींत. पाहिलेलंच तिथे जाऊन पुन्हा टिपलं आणि जमलं म्हणून निवडलं.

"एवढेच?" आई म्हणाली. "तुझं तर दिवसभर खटक खटक चाललेलं असायचं."

म्हणून हार्ड डिस्क लावली.

पहिल्या दिवसाचा पहिला टाकलेला फोटो आया सोफियाच्या आतला. त्यात डावीकडचा अर्धा भाग परांचीने व्यापलेला आहे, लोखंडी नळ्यांची, जमिनीपासून थेट घुमटाकडे चढत गेलेली. तेव्हा मी फार खट्टू झाले होते. आयुष्यात एकदा इथे यायचं आणि समोर हे. आईला मी तसंच सांगितलं, की फोटोत परांचीच आहे, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "मग परांची सांग." सांगायला बसले तशी ती संपेना. नळ्यांचे जोड, दर मजल्यावर फळ्या, एका फळीवर कुणी ठेवलेली पाण्याची बाटली, खूप वर एका माणसाचं पिवळं जाकीट, नखाएवढं. आणि त्याच्याही वर घुमटाच्या तळाशी चाळीस खिडक्यांची माळ, ज्यांच्या उजेडामुळे घुमट कशावर टेकला आहे तेच कळत नाही.

"कळसाला रंग देताना आपल्या देवळाला बांधतात तशी?"

"तशीच. फक्त बांबूऐवजी लोखंड."

जस्टिनियन बादशहाने ही वास्तू ५३२ ते ५३७ एवढ्या थोड्या काळात उभी केली. घुमट सुमारे ३१ मीटर रुंद आणि जमिनीपासून ५५ मीटर उंच. पण बांधून एकवीस वर्षं झाली नाहीत तोच, ५५८ मध्ये, भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट कोसळला, आणि ५६२ पर्यंत तो पुन्हा बांधला गेला, आधीपेक्षा उंच. नंतरही त्याचे भाग ढासळले, पुन्हा चढवले गेले. चर्च होतं तेव्हा आणि १४५३ नंतर मशीद झाली तेव्हाही. हे सगळं मी आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे बांधकाम अजून चालूच आहे म्हण की." मला दहा वर्षांत हे सुचलं नव्हतं. तो फोटो अल्बममध्ये हवा होता.

गलाटा पुलावरचे फोटो मी ढगाळ म्हणून बाजूला टाकले होते. करडं पाणी, करडं आकाश आणि कठड्यावर ओळीने टेकलेल्या गळाच्या काठ्या. त्या पुलावर दिवसभर माणसं गळ टाकून उभी असतात. आई रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाढलेली. तिने आकाशाची चौकशीच केली नाही. "बादलीत काय होतं ते बघ," म्हणाली. मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात प्लॅस्टिकची बादली होती, तळाला चंदेरी मासे, वितीपेक्षा लहान.

"इस्ताव्रीत," मी म्हटलं. तिथलं नाव मला आठवत होतं.

"बांगड्यासारखे होते, पण अंगाने बारीक. त्या म्हाताऱ्याने एक माझ्या हातात दिला होता. मी कल्ला उघडून बघितला, लालभडक होता. मी म्हटलं, ताजा आहे. तर तो म्हणाला, ताझे, ताझे!"

मला हे आठवत नव्हतं. मी तेव्हा पुलाच्या दुसऱ्या टोकाला मशिदीची चौकट जुळवत असणार. पण 'ताझे' हा शब्द खरा आहे, तुर्कीत ताज्याला तेच म्हणतात. मग तिचे शब्द निघायला लागले. खाणावळीत आपण 'हिशेब?' असं विचारलं आणि पोऱ्याने खरंच बिल आणून ठेवलं, हे तिला लख्ख आठवतं, कारण तिथे बिलाला 'हेसाप' म्हणतात. 'हवा' तिथेही हवाच. आम्ही उतरलो होतो तिथली बाई शेजारणीला आमची ओळख करून देताना 'मिसाफिर' म्हणाली होती. एकाच अरबी शब्दाची ही दोन घरं. आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटेवरचा माणूस, त्यांच्याकडे मिसाफिर म्हणजे दारी आलेला पाहुणा.

ह्या शब्दांचा एक फोटोसुद्धा निघाला. हललेला, वहीपेन्सिलींच्या दुकानाच्या पाटीचा. १९२८ पासून तुर्की भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे आईला अक्षरं लावता येत होती. पाटीवरचे दोन शब्द तिने रस्त्यात मोठ्याने वाचले होते आणि मला दंडाला धरून थांबवलं होतं. पहिला 'देफ्तेर', म्हणजे वही. आपलं दप्तर. दुसरा, आपला कागद. लिहितात जवळपास तसाच, पण मधला ग उच्चारात विरघळून जातो. दप्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीच्याही मागे त्याचं मूळ ग्रीक सांगतात, 'दिफ्थेरा', कमावलेलं कातडं, ज्यावर लिहीत. एकेकाळी ग्रीक बोलणाऱ्या त्या शहरात, पुण्याच्या पेशवे दप्तरातलं दप्तर एका वहीच्या दुकानावर टांगलेलं होतं, आणि मी त्याचा फोटो केवळ हलला म्हणून टाकून दिला होता.

त्या शहराचाच एक छायाचित्रकार होता, आरा ग्युलेर. जन्म १९२८, मृत्यू २०१८. १९५० आणि १९६० च्या दशकांतलं इस्तंबूल त्याने काळ्यापांढऱ्यात टिपलं: नावाडी, हमाल, बर्फातली ट्राम, धूर सोडणाऱ्या बोटी, चहाच्या टपरीत हनुवटी हातावर टेकून बसलेली माणसं. तो स्वतःला कलावंत म्हणवत नसे, बातमीदार छायाचित्रकार म्हणवत असे. माझ्या मते त्याच्या मोठेपणाचं कारण ह्याच आग्रहात आहे. बातमीदार समोरचा माणूस बाजूला होण्याची वाट पाहत नाही. मी नऊ दिवस माणसं बाजूला होण्याची वाट पाहत उभी होते. ग्युलेरच्या फोटोंतल्या त्या ट्राम शहराच्या युरोपकडच्या भागात १९६१ मध्ये बंद झाल्या. फोटो आहेत.

कादिकॉयला जाणाऱ्या बोटीतून हायदरपाशा स्टेशन दिसतं. जर्मनांनी बांधलेलं, १९०८ मध्ये पुरं झालेलं, पायऱ्या थेट समुद्राकडे उतरणारं. अनातोलियाकडे आणि बगदादच्या दिशेने जाणारा रेल्वेमार्ग इथून निघायचा. २०१० मध्ये त्याचं छप्पर आगीत जळालं आणि आम्ही गेलो तोवर तिथून गाड्या सुटणं थांबलं होतं. फोटोत बोटीचा खांब मध्येच आला आहे म्हणून तोही बाद. कोकणात गाडी कधी येईल ह्याची वाट पाहण्यात जिची उमर गेली, तिला तेव्हा ते गाडी नसलेलं एवढं मोठं स्टेशन बघवलं नव्हतं. तिने तोंड फिरवलं होतं. खांबाच्या कडेला तिची वेणी आणि मान दिसते, स्टेशनकडे पाठ केलेली.

आता ६११ वा. तो मी काढलेला नाही, चुकून निघाला आहे. कॅमेरा गळ्यात लोंबकळत असताना बटण दाबलं गेलं असावं. फोटोत फक्त जमीन आहे, तिरकी. पांढऱ्या संगमरवरावर करड्या शिरा, आणि त्यावर तपकिरी मोजे घातलेले दोन पाय. वरच्या कडेला साडीचा काठ आणि हातात धरलेले बूट.

आम्ही पुन्हा एकदा आया सोफियात गेलो होतो. तेव्हा ते संग्रहालय होतं, १९३५ पासून. बूट काढायची गरज नव्हती, सगळे बुटांनीच फिरत होते. आईने काढले. "देवाचं ठिकाण आहे, कुठल्या का देवाचं असेना," म्हणाली. रखवालदार जवळ आला, बूट घाला अशी खूण केली. ती मराठीत म्हणाली, "असू दे." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने छातीवर हात ठेवला, मान किंचित झुकवली आणि तो निघून गेला.

"कसं लागत होतं पायाला?" मी विचारलं.

"गार. आणि सपाट नव्हतं बरं का. ओहोटी लागल्यावर पुळणीवर पाय ठेवावा, तसं वरखाली."

ती असं म्हणाली आणि मी फोटोकडे पुन्हा पाहिलं. ती फरशी मार्माराच्या समुद्रातल्या बेटावरून आणलेल्या संगमरवराची आहे. संगमरवराचा ग्रीक शब्द 'मार्मारोस', त्यावरून बेटाचं नाव पडलं आणि बेटावरून समुद्राचं. आपल्या संगमरवरातला 'मरवर'ही तोच, फारसीतून वळसा घालून आलेला. फरशीतल्या करड्या शिरा लाटांसारख्या धावतात. सहाव्या शतकातल्या बायझंटाइन दरबारी कवीपासून कितीतरी जणांना ती फरशी पाहून समुद्र आठवला. भिंतींवर तर एकच शिळा मधून चिरून, पुस्तक उघडावं तशी लावली आहे, म्हणजे शिरांची नक्षी दोन्ही बाजूंना जुळते. ह्यातलं काहीही आईला ठाऊक नव्हतं. तिला तळपायांनी समुद्र लागला.

जुलै २०२० मध्ये आया सोफिया पुन्हा मशीद झाली. खालच्या दालनात आता गालिचा आहे, हिरवट निळा. २०२४ च्या सुरुवातीपासून परदेशी पाहुण्यांना वरच्या सज्ज्यातच जाता येतं. प्रार्थनेच्या जागी बूट बाहेर, हे आईला मनापासून पटलं. "मी आधीच काढले होते," एवढंच ती म्हणाली. मला मात्र त्या फरशीची हळहळ वाटते आणि ती वाटतच राहणार. दीड हजार वर्षं जिच्यावरून लोक चालले, ती आमच्या घरात आता ह्या एका फोटोत उघडी आहे, आणि तो मी काढलेलाही नाही. घुमटाचे माझे बावीस फोटो आहेत. फरशीचा एकही मुद्दाम काढलेला नाही.

त्याच्या पुढचा फोटो मांजराचा. पट्टेरी, हिरव्या डोळ्यांचं, नजर जराशी तिरळी. खांबाशी बसून दिव्याच्या उजेडात ऊब घेत आहे आणि मिहराबाच्या, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, ऐन आड आलं आहे. ते कोण, हे मला घरी आल्यावर फार पुढे कळलं. ग्ली तिचं नाव. २००४ मध्ये तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. २००९ मध्ये ओबामा आले तेव्हा त्यांनीही तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. इमारत मशीद झाल्यावर काही महिन्यांत, नोव्हेंबर २०२० मध्ये, ती गेली. फोटोत तिच्या पाठीवर एक हात आहे. बांगड्यांवरून तो आईचा.

"मऊ होती," आई म्हणाली. "आणि पोटात घरघर चाललेली होती तिच्या. हाताला कळत होती."

आम्ही दोघी आता रोज दिवेलागणीला बसतो. मी फोटोच्या कडेपासून सुरुवात करते, कारण आई तिकडूनच पाहते, आणि मध्यापर्यंत यायला कधी कधी अर्धा तास लागतो. काल ग्लीपाशी थांबलो, तो ६१२ वा. अजून ७२८ फोटो बाकी आहेत.