मेंदी वाळेपर्यंत

लग्नघरात पुस्तक उघडून बसलेल्या बाईकडे सगळे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. अक्षतांच्या पुड्या बांधायच्या असतात, अहेराच्या साड्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या असतात, मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी गाद्या काढायच्या असतात. आणि ही वाचत बसलीय! पण मला तर वाटतं, वाचायची खरी निकड अशाच आठवड्यात असते. मन काठोकाठ भरलेलं असतं. मुलीची आई भाजी निवडता निवडता डोळे पुसते, वडील मंडपवाल्याशी उगाचच मोठ्याने बोलत राहतात. आपण तिथेच असतो, पण कुणाला काय म्हणावं ते सुचत नाही. अशा वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातली दोन पानं वाचली की आपल्याही घरातलं जरा नीट दिसू लागतं.

वेळ मात्र हुडकावा लागतो. निवांतपणाची वाट बघत बसलं तर वरात निघून जाते.

भाचीच्या लग्नात तो वेळ मेंदीने दिला. दोन्ही हात कोपरापर्यंत रंगलेले, बोटं पसरलेली, गालावर आलेली बट सारायचीही सोय नाही. घरातली सगळ्यात धावपळीची मुलगी पहिल्यांदाच एका जागी बसली होती. मी कापसाच्या बोळ्याने मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी टिपत होते. ती म्हणाली, "मावशी, काहीतरी वाच ना मोठ्याने."

पिशवीत रमाबाई रानड्यांच्या आठवणी होत्या, १९१० साली छापून आलेल्या. १८७३मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या नवऱ्याने, माधवरावांनी, त्यांना शिकवायला घेतलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपेना. नवरा शिकवणार, बायका टोचून बोलणार, आणि दिवसभर राहायचं त्या बायकांमध्येच. हा पेच मी पूर्वीही वाचला होता. पण शेजारी उद्या सासरी जाणारी मुलगी बसलेली असताना वाचताना माझा आवाज दोनदा अडखळला.

"तिने हे कुणाला सांगितलं असेल गं?" भाचीने विचारलं. ती रमाबाईंबद्दलच विचारत होती असं मला वाटलं नाही. मी बोळा वाटीत ठेवला आणि तिच्याजवळ सरकून बसले. मग बराच वेळ आम्ही पुस्तकातलं सोडून तिच्या नव्या घराबद्दल बोललो. काय बोलायचं ते आठवडाभर मला सुचलं नव्हतं.

थोरल्या काकू समोर तांदूळ निवडत होत्या. आधी त्यांनी वाचनावर नाक मुरडलं होतं; पुन्हा वाचायला लागले तेव्हा त्यांचा हात सुपात थांबलेला दिसला. एकदम म्हणाल्या, "त्या घरातल्या बायकांना कुणी पाटी दिली होती का? त्यांचा राग कशाचा होता, ते बघ की जरा."

माझी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला ते पटेना. भाचीला पटलं. पुस्तक माझ्या मांडीवर उघडंच राहिलं, आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत चौघींचा वाद चालू होता.