कवेलूचे छप्पर आणि इसेचे मंदिर

१/ गोंदिया जिल्ह्यातील जुन्या मातीच्या घरांची मृग लागण्यापूर्वी शाकारणी होत असे. वानरांनी फोडलेली कवेलू काढावयाची, कुजलेले बांबू बदलावयाचे. काही वर्षांत छपराचे बरेचसे साहित्य नवे होई. घर मात्र तेच राही.

२/ युरोपच्या दगडी परंपरेने वास्तूचे खरेपण मूळ साहित्यात पाहिले. १९६४ च्या व्हेनिस सनदेवर याच विचाराचा ठसा आहे.

३/ जपानची परंपरा लाकडाची. क्योतोतील व्यापाऱ्यांची जुनी घरे खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभी. भार सांगाडा पेलतो, म्हणून आतल्या भिंती सरकत्या. इसे येथील मंदिर तर दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने उभारतात. मागील खेप २०१३ ची.

४/ खरेपणाचा निकष प्रत्येक संस्कृतीत एकच नसतो, हे १९९४ च्या नारा दस्तऐवजाने मान्य केले.

५/ या अर्थाने गोंदियाचे घर जपानला जवळचे. शासकीय नोंदीत मात्र ते ‘कच्चे’. घरकुलाच्या स्लॅबने दरवर्षीचे कष्ट वाचले, हा दिलासा खराच. परंतु इसेत ठरल्या वर्षी काम निघते, म्हणून नवा सुतार जुन्याच्या हाताखाली शिकतो. इकडे शाकारणी थांबली, तसे कवेलू घडविणाऱ्या कुंभाराचे कामही आटले.